फलाटाचा एक दगड

जानेवारीतल्या तपासणीत फलाटाच्या कडेच्या एका दगडावर वीतभर लांबीचा ओरखडा दिसला. बाकीचे दगड शेवाळून काळे पडले होते, हा ओरखडा मात्र आतल्या वालुकाश्माइतका लालभडक. खाचेत दगडाची भुकटी अजून कोरडी होती, म्हणजे आदल्या रात्रीच्या पावसानंतरचाच. गाडीची पायरी घासून गेली होती.

हे स्टेशन इंग्लंडच्या वायव्येकडच्या कंब्रियातल्या एका छोट्या गावाचं, कार्लाइल ते मेरीपोर्ट या 1845 साली पूर्ण झालेल्या मार्गावरचं. तिथे माणूस नसतो. तिकिटाचं यंत्र, इंडिकेटर, हेल्प पॉइंट, मिठाची पेटी, बस्स. आपल्याकडच्या हॉल्टवर कमिशनवर तिकिटं विकणारा एजंट तरी असतो. इथे कडेकडे रोज बघणारं कुणीच नाही.

आधी फोन सिग्नलरला, म्हणजे त्या मार्गावरचे सिग्नल चालवणाऱ्याला. तिथला हेल्प पॉइंट प्रवाशांच्या चौकशीसाठी असतो, त्यावरून सिग्नलर मिळत नाही. पुढच्या गाड्या थांबवून ब्लॉक मिळाला, मगच कडेवरून वाकून मोजायला सुरुवात केली.

इंग्लंडमध्ये फलाटाची कड सरळ मार्गावर रुळाच्या आतल्या कडेपासून 730 मिमी आणि रुळाच्या माथ्यापासून 915 मिमी उंच असावी असा नियम आहे. जुने फलाट बरेच बुटके आहेत. याच किनारी मार्गावर हॅरिंग्टनला 2008 मध्ये फलाटाच्या थोड्या लांबीवर तयार भागांचा उंचवटा बसवला, तो 'हॅरिंग्टन हंप' म्हणून ओळखला जातो. आमच्या फलाटाची उंची भरली 612.

आडवं अंतर टेप आणि लेव्हल लावून मोजलं तर फसायला होतं. रुळाला 20 मिमी कँट असेल, म्हणजे एक रूळ दुसऱ्यापेक्षा तेवढा उंच असेल, तर 600 मिमी उंचीवर तेवढ्यानेच 8 मिमीचा फरक पडतो. म्हणून गेज, म्हणजे मापाचं साधन, दोन्ही रुळांवर टेकवायचं, म्हणजे माप रुळांच्याच पातळीत मिळतं. दर पाच मीटरला वाचन घेतलं: 738, 736, 741. ओरखड्याच्या दगडावर 702. लगतच्या दोन दगडांवर पुन्हा 737 आणि 739. रूळ सरकला असता तर शेजारची मापंही बदलली असती. म्हणजे सरकला होता तो दगडच, साधारण 35 मिमी.

कडेचा दगड खालच्या भिंतीपेक्षा पुढे आलेला असतो, त्यामुळे खालून टॉर्च मारून बघता येतं. बैठकीतला चुन्याचा माल वाहून गेला होता आणि मागच्या सांध्यात बोट आत जात होतं. जुन्या फलाटाचा उतार रुळाकडे आहे, त्यामुळे पावसाचं सगळं पाणी त्याच सांध्यात जायचं. पाणी गोठताना जवळपास 9 टक्के फुगतं आणि दगडाला पुढे रेटतं. बर्फ वितळल्यावर मागच्या फटीत वाळू पडते, दगड परत मागे येत नाही. पुढच्या थंडीत पुन्हा तेच. त्यावर घसरण टाळायला टाकलेलं मीठ वालुकाश्मही खातं आणि चुनाही.

900 बाय 450 बाय 100 मिमीचा तो दगड नव्वदेक किलोचा. दोघांनी हाताने उचलायचं हे काम नाही. रात्रीच्या ब्लॉकमध्ये पहारीने सैल करून, पट्टे बांधून तो मागे ओढून काढला. लगेच बसवता आला नाही, कारण पारा उतरत असताना 3 अंशांच्या खाली माल लावला तर तो धरत नाही. तेवढा भाग कठड्याने बंद केला. कठड्याची खालची पट्टी जमिनीपासून 200 मिमीच्या आत ठेवली. दृष्टिहीन माणसाची काठी तिलाच लागते, वरच्या दांड्याला नाही. दोन डब्यांच्या गाडीचं कुठलं दार त्या भागासमोर येतं ते मोजून गार्डला कळवलं, ते दार बंद ठेवायला.

मार्चमध्ये सांधा पूर्ण खरवडून काढला, मागे पाणी निघायला नळी टाकली आणि तोच दगड नव्या चुन्यावर बसवला. गेज पुन्हा टेकवलं: 737. ओरखडा तसाच ठेवलाय. पुढच्या फेरीत त्याच्या शेजारी दुसरा दिसला, तर तो नवा आहे हे लगेच कळेल.