बाईंच्या कडेवर माझा भाऊ

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं तेव्हा मी चाचणीचे पेपर तपासत होते. पाकिटावर शाळेचा शिक्का दिसला आणि पुढचा पेपर हातात घेववेना. कवायत, स्नेहसंमेलन, वरची प्रयोगशाळा, सगळ्यावर स्मरणिकेसाठी लिहायचं ठरवलं होतं. पण लिहायला बसले आणि बाईंशिवाय काही सुचेना. सातवी 'ब'च्या बाई म्हटलं की आमच्या वेळच्या कुणालाही नाव सांगावं लागत नाही.

1986चा जानेवारी. बाई आम्हाला पुण्यातल्या गंज पेठेत फुलेवाड्यात, जोतीराव-सावित्रीबाईंच्या घरी, नेणार होत्या. आई कामाला गेलेली, धाकटा दीड वर्षाचा. त्याला कडेवर घेऊनच मी फाटकात उभी राहिले. परत पाठवतील अशी खात्रीच होती. बाईंनी त्याला माझ्याकडून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझे हात मोकळे हवेत. वही काढ." जाताना, वाड्यात आणि येतानाही तो त्यांच्याच कडेवर होता. त्यांच्या कडक इस्त्रीच्या सुती साडीवर त्याची लाळ गळत होती.

वाड्यात त्यांनी आम्हाला विहिरीपाशी उभं केलं. 1868 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी घरचं पाणी अस्पृश्यांना खुलं केलं, हे पुस्तकात एका ओळीत उरकलंय. बाई त्यावर अर्धा तास बोलल्या. मग तुळशी वृंदावनापाशी, जोतीरावांच्या समाधीजवळ, 1890च्या त्यांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाई स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढे धरायचं मडकं, धरून पुढे चालल्या ते सांगितलं. आणि 1897ची प्लेगची साथ. मुंढव्याचा पांडुरंग गायकवाड हा आजारी मुलगा सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन त्यांचे दत्तकपुत्र डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आणला, आणि त्याच साथीत 10 मार्चला त्या गेल्या. हे सांगताना बाईंनी माझ्या भावाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मी लिहायची थांबले होते. "लिही," एवढंच म्हणाल्या.

शेवटी ओसरीवर बसवून मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवला. फुल्यांच्या शाळेत शिकलेली, मांग समाजातली, चौदा वर्षांची पोर. 1855मध्ये तिचं लिखाण 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आलेलं. मी तेरा वर्षांची होते. आमच्या समाजातल्या मुलीनं इतक्या पूर्वी असं काही लिहिलंय, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं. वहीत मी तिचं नाव तीनदा लिहिलं. ती वही आजही माझ्या कपाटात आहे.

आज मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. गेल्या वर्षी आमच्या 4 मुली शिष्यवृत्तीच्या यादीत आल्या. बाईंना कळवता आलं असतं तर! दर 3 जानेवारीला मुलांना घेऊन मी वाड्यात जाते. आता रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. तेव्हा बाई चाळीस मुलींची रांग चालवत नेत. सावित्रीबाईंचं घर संरक्षित स्मारक आहे, ती ओसरी शाबूत आहे. रविवारी बाई ज्या ओसरीवर आमची गणितं घ्यायच्या, ती मात्र गेली. त्यांचा वाडा पाडून तिथे सहा मजली इमारत झाली. मागच्या वर्षी मी मुद्दाम जाऊन आले, पण जिना कुठल्या अंगाला होता तेही ओळखता येईना.

त्या दिवशी वाड्याच्या दारात शाळेने एक फोटो काढला होता. माझ्याकडे तो नाही. कुणाकडे असेल तर कृपया स्मरणिका समितीकडे द्यावा. बाई मधे उभ्या आहेत आणि त्यांच्या कडेवर आहे तो माझा भाऊ.