ब्रिटनमध्ये जुनी गाडी घेताना: तीन ते पाच हजार पौंडांचा हिशेब

लंडनच्या मध्यवस्तीत राहणाऱ्याला गाडी लागत नाही. पण नोकरी लहान गावातल्या रुग्णालयात किंवा शहराबाहेरच्या गोदामात असेल, शिफ्ट रात्री सुटत असेल आणि बस तासाला एक असेल, तर गाडीवाचून निभत नाही. भारतातून आलेली मंडळी मग तीन ते पाच हजार पौंड बाजूला काढून दहा-बारा वर्षं जुनी गाडी शोधू लागतात. एवढ्या पैशात चांगली गाडी मिळते. फक्त शोधायचा क्रम उलटा हवा: आधी विमा, मग कागद, आणि गाडी सगळ्यात शेवटी.

विमा आधी अशासाठी, की नवख्या माणसाचा पहिल्या वर्षाचा विमा कधी कधी गाडीच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडतो. भारतात पंधरा वर्षं गाडी चालवली असली तरी इथल्या कंपन्यांच्या लेखी तुमची पाटी जवळपास कोरीच असते, आणि तिथला नो-क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत. जुन्या गाड्यांचे विम्यासाठी १ ते ५० असे गट पाडलेले आहेत. पहिली गाडी शक्यतो १ ते १० मधली बघा. जाहिरातीतल्या गाडीचा नंबर घ्या, विम्याची तुलना करणाऱ्या दोन-तीन वेबसाइटवर तो टाका, लायसन्सच्या रकान्यात खरं ते लिहा आणि आकडा बघा. त्याच मॉडेलचं इंजिन १.० ऐवजी १.६ झालं, किंवा आधीच्या मालकाने मोठे अलॉय बसवलेले असले, तर हप्ता लगेच चढतो. शेजारच्या गल्लीचा पोस्टकोडसुद्धा फरक पाडतो. नवऱ्याची गाडी असताना बायकोला मुख्य चालक दाखवायचं, कारण तिचं इथलं लायसन्स जुनं आहे, असा सल्ला ओळखीतलं कोणीतरी नक्की देईल. त्याला 'फ्रंटिंग' म्हणतात आणि तो सरळ विमा-घोटाळा ठरतो. अपघात झाला की दावा नाकारला जातो. तिला जादा चालक म्हणून खरेपणाने जोडा, त्यानेही हप्ता बऱ्याचदा उतरतो.

रोड टॅक्सचा एक बारकावा जाहिरातीत कोणी सांगत नाही. १ मार्च २००१ ते ३१ मार्च २०१७ या काळात नोंदलेल्या गाड्यांचा कर त्यांच्या कार्बन उत्सर्जनावर ठरतो. १ एप्रिल २०१७ नंतरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना, पहिलं वर्ष सोडलं तर, सरसकट एकच दर आहे. २०२५-२६ साठी तो १९५ पौंड होता. त्याच वर्षी २०१७ च्या आधीच्या लहान पेट्रोल गाडीला, उत्सर्जन ११० ग्रॅमपर्यंत असेल तर, वर्षाला फक्त २० पौंड पडत होते. म्हणजे एकाच कंपनीची, एकाच इंजिनाची गाडी मार्च २०१७ मधली घेतली तर २० आणि एप्रिलमधली घेतली तर १९५. '१७' ची नंबरप्लेट १ मार्चपासून सुरू झाली, त्यामुळे नुसत्या प्लेटवरून हे कळत नाही. नोंदणीची तारीखच बघावी लागते.

राहणं किंवा जाणं-येणं लंडनमध्ये असेल तर यूलेझ, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांकडून रोजचे पैसे घेणारा पट्टा, हाही बघा. २९ ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंना लागू आहे. प्रदूषणाच्या युरोपीय मानकांप्रमाणे पेट्रोल गाडी किमान युरो ४ आणि डिझेल युरो ६ नसेल, तर गाडी हलवली त्या प्रत्येक दिवसाचे साडेबारा पौंड. ढोबळमानाने २००६ नंतरची पेट्रोल गाडी सुटते, पण डिझेल मात्र सप्टेंबर २०१५ नंतरचीच. बर्मिंगहॅमच्या मधल्या भागातही असाच पट्टा आहे, तिथे ८ पौंड. स्वस्तात भरपूर जुन्या डिझेल गाड्या विकायला निघालेल्या दिसतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

आता एमओटी. गाडीला तीन वर्षं झाली की ती रस्त्यावर चालवण्याजोगी आहे ना, याची ही तपासणी दर वर्षी करावी लागते, आणि तिचा इतिहास सरकारी वेबसाइटवर नुसता नंबर टाकून कोणालाही फुकट वाचता येतो. जुन्या गाडीबद्दल इतकी उघडी माहिती भारतात मिळत नाही. तिचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. तरीही बरेच जण एवढंच बघतात, की एमओटी किती महिने शिल्लक आहे.

खरी माहिती असते ती मागच्या आठ-दहा वर्षांच्या नोंदींत. पास झालेल्या गाडीखालीही 'ॲडव्हायझरी' लिहिलेल्या असतात: आज नापास नाही, पण लक्ष द्या. समजा २०२१ मध्ये लिहिलं आहे, 'पुढचा डावा टायर कायदेशीर मर्यादेजवळ'. २०२२ मध्ये तोच टायर नापास, त्याच दिवशी बदलून पास. २०२३ मध्ये 'ब्रेक पाइपला गंज', २०२४ मध्ये पुन्हा 'ब्रेक पाइपला गंज'. ही गाडी कोणाच्या हातात होती ते यावरून कळतं: एमओटीवाल्याने अडवल्याशिवाय खिशात हात न घालणारा मालक. असा माणूस इंजिन ऑइलही वेळेवर बदलत नसतो. याउलट एका वर्षी ॲडव्हायझरी आली आणि पुढच्या वर्षी ती नाहीशी झाली, असं दिसलं तर गाडीची देखभाल झालेली आहे. अशा मालकाची ९०,००० मैल चाललेली गाडी ही त्या हात आखडणाऱ्या मालकाच्या ५०,००० मैलवालीपेक्षा कधीही बरी.

मैलांचा आकडा दर वर्षी नोंदला जातो, म्हणून मीटर मागे फिरवलेलं लगेच उघडं पडतं. वर्षाला जेमतेम हजार-दीड हजार मैल चाललेली गाडी मात्र आपोआप चांगली समजू नका. ती बहुधा फक्त जवळच्या दुकानापर्यंत जाते, इंजिन पुरतं तापत नाही, बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठून तो आतून गंजतो. बारा वर्षांच्या गाडीला, विकायला काढण्याच्या आदल्याच आठवड्यात, एकही शेरा नसलेली एमओटी मिळालेली असेल तर त्या आधीच्या वर्षीचे शेरे घेऊन गाडीखाली वाकून बघा.

गंजाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याला गंज पावसाचा माहीत असतो, मिठाचा नाही. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून काउन्सिलच्या गाड्या खडेमीठ पसरतात. ते चाकांनी उडून गाडीच्या पोटाला चिकटतं. वरून गाडी चकचकीत दिसते आणि दाराखालची पट्टी, जिला इथे 'सिल' म्हणतात, आतून पोकळ झालेली असते. तिथे बोटांनी दाबून बघा, जॅक लावायच्या जागा बघा, मागच्या चाकांवरच्या कमानीची आतली कड चाचपा. खाली काळा डांबरासारखा थर नुकताच फासलेला दिसला तर त्याखाली काय आहे हा प्रश्न विचाराच. कॉइल स्प्रिंगही इथे फार तुटतात: मीठ रंग खातं, तिथे गंज धरतो, आणि एखाद्या गतिरोधकावर तळाचा वेढा मोडतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारला की पुढच्या स्प्रिंगचं टोक दिसतं.

इंजिनाबद्दल पहिला प्रश्न: बेल्ट की चेन? रबरी टायमिंग बेल्ट असेल तर तो कंपनीने सांगितलेल्या मैलांवर किंवा वर्षांवर, जे आधी येईल तेव्हा, बदलावा लागतो. तुटला तर बहुतेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि एवढ्या किमतीची गाडी तिथेच संपते. 'बदललाय' हे तोंडी उत्तर धरू नका. पावती दाखवा म्हणा. पावती नसेल तर बेल्ट आणि वॉटर पंप बदलायचे चार-पाचशे पौंड किमतीतून वजा करून बोला.

काही इंजिनांत हा बेल्ट इंजिन ऑइलमध्येच बुडालेला फिरतो, त्याला 'वेट बेल्ट' म्हणतात. फोर्डचं १.० इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्यूरटेक ही त्यातली सर्वत्र दिसणारी नावं. ऑइल उशिरा बदललं किंवा चुकीच्या ग्रेडचं घातलं, की बेल्टचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन बसतं. बेल्ट बदलायला इंजिन बरंच उघडावं लागत असल्याने खर्चही मोठा. कमी बजेटमध्ये, बेल्ट बदलल्याच्या आणि दर वर्षीच्या ऑइलच्या पावत्या नसतील तर ही इंजिनं सोडून द्यावीत असं आमचं स्पष्ट मत आहे.

डिझेलचा मोह मायलेजमुळे होतो. पण त्यातला काजळी पकडणारा फिल्टर, डीपीएफ, स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात चालावी लागते. घर, शाळा, ऑफिस असा चार मैलांचा फेरा असेल तर तो तुंबतो आणि नवीन फिल्टरचं बिल हजार पौंडांच्या पुढे जाऊ शकतं. रोज मोटरवे नसेल तर पेट्रोलच घ्या.

मग घ्यायचं काय? होंडा जॅझ, २००८ ते २०१५ ची पिढी: टायमिंग चेन, मागची सीट उभी दुमडून सामान ठेवायची सोय, आईवडील भेटीला आले की त्यांच्या मोठ्या बॅगा आत मावतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर सुरुवातीच्या वर्षांतला आय-शिफ्ट गिअरबॉक्स टाळून २०११ नंतरची सीव्हीटी बघा. जॅझचे आणि टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र चोर कापून नेतात. रात्री गाडी रस्त्यावरच उभी राहणार असेल तर हे लक्षात घ्या. टोयोटा यारिस पेट्रोल मॅन्युअल ही तितकीच भरवशाची. एकट्यासाठी किंवा दोघांसाठी टोयोटा आयगो, सिट्रोएन सी१ आणि प्यूजो १०७ ही एकाच कारखान्यातली तिळी भावंडं. तिघांतही बहुतेक गाड्यांत टोयोटाचं १.० पेट्रोल इंजिन आणि चेन. त्यांत वॉटर पंपाची गळती, लवकर झिजणारा क्लच आणि डिकीत शिरणारं पाणी एवढं तपासायचं. नाव बघून टोयोटाला जास्त पैसे मोजण्यापेक्षा नीट राखलेली सी१ घ्यावी. ह्युंदाई आय१० आणि सुझुकी स्विफ्ट तर ओळखीच्याच. इथे विकली गेलेली आय१० ची पहिली पिढी चेन्नईतच बनली होती.

गाडी बघायला दिवसा जा, पाऊस नसताना, आणि मालकाला आधीच सांगा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनाचा त्रास लपवला जातोय अशी शंका घ्यायला जागा आहे. किल्ली फिरवली की इंजिन, एअरबॅग आणि एबीएसचे दिवे आधी लागले पाहिजेत आणि मग विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा मुळात लागतच नसेल तर ते न विझण्यापेक्षा वाईट. सुरू करताना मागून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. थंडीतली पांढरी वाफ थोड्या वेळात जाते, इंजिन तापल्यावरही राहिली तर हेड गॅस्केटचा संशय. वीसेक पौंडांचा ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले एरर कोड वाचणारं छोटं यंत्र) सोबत न्या आणि 'रेडीनेस मॉनिटर' बघा. बरेचसे अपूर्ण दिसले तर कोणीतरी नुकतेच एरर कोड पुसले असावेत. चालवताना चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला पण गाडी त्या मानाने पुढे गेली नाही, तर क्लच गेलेला आहे. टायरच्या खाचेत २० पेन्सचं नाणं उभं धरा: नाण्याची बाहेरची कड उघडी राहिली तर टायर १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेजवळ किंवा खाली गेलेला असू शकतो. एका टायरमागे अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर ३ पॉइंट होऊ शकतात.

व्ही५सी या लॉगबुकची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदाची, मूळ प्रत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यावरचा पत्ता आणि तुम्ही उभे आहात तो पत्ता एकच हवा, चासी नंबर काचेखालच्या नंबराशी जुळायला हवा. हा कागद मालकीचा पुरावा नाही हेही ध्यानात ठेवा. गाडीवर कर्ज बाकी आहे का आणि ती कधी 'राइट-ऑफ' झाली होती का, म्हणजे विमा कंपनीने दुरुस्ती परवडत नाही म्हणून ती सोडून दिली होती का, हे दहा-वीस पौंडांच्या तपासणीत कळतं. अशा राइट-ऑफ गाड्यांत कॅटेगरी एस म्हणजे सांगाड्याला मार, एन म्हणजे सांगाडा सोडून इतर. एस पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने घेऊच नये. खाजगी विक्रेत्याला फोन करताना गाडीचं नाव न घेता 'तुमच्या गाडीच्या जाहिरातीबद्दल' एवढंच म्हणा. 'कुठली गाडी?' असं उत्तर आलं तर तो डीलर आहे आणि जबाबदारी टाळतोय. डीलरकडून घेतल्यास २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने, गाडी सदोष निघाली तर पहिल्या ३० दिवसांत परत करता येते. खाजगी व्यवहारात वर्णनाप्रमाणे गाडी असणं एवढाच आधार उरतो. डीलरला रकमेचा काही भाग, अगदी डिपॉझिटसुद्धा, क्रेडिट कार्डाने दिला तर गाडीची किंमत १०० ते ३०,००० पौंडांच्या दरम्यान असल्यास कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते.

आधीच्या मालकाचा रोड टॅक्स तुमच्याकडे येत नाही. व्ही५सीच्या हिरव्या 'न्यू कीपर' पावतीवरचा १२ आकडी क्रमांक टाकून तिथेच मोबाइलवरून कर भरा, विमा सुरू करा आणि मगच चाकं हलवा. कॅमेरे नंबरप्लेट वाचतात, 'फक्त घरापर्यंत' अशी सवलत नाही. पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदला, आधीच्याने काहीही सांगितलेलं असो.

आणि भारतीय लायसन्स इथे रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच चालतं. प्रॅक्टिकल परीक्षेच्या तारखा काही महिने पुढच्या मिळतात, म्हणून प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स आणि थिअरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत उरका. परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. मॅन्युअल गाडी घेणार असाल तर परीक्षाही मॅन्युअलवरच द्या.