तुम्ही विचारलंत म्हणून: देवाला पाय लागायचा नाही का?

रोमन घरांतल्या मोझेइकचे, म्हणजे रंगीत दगडांचे तुकडे जडवून केलेल्या फरशीवरच्या चित्रांचे, फोटो दाखवले की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "बॅकस, नेपच्यून, मेड्युसा, सगळे जमिनीवर? पाय नाही का लागायचा?"

लागायचा की! त्यात कुणाला वावगं वाटत नसे. पूजेचे देव वेगळे होते. पाँपेई या ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहरातल्या घरांत त्यांच्यासाठी भिंतीत कोनाडा किंवा छोटंसं देवघर असे, लारारियम. धूप, नैवेद्य तिथे. जेवणघराच्या जमिनीवरचा बॅकस हा वाइनचा देव. पाहुण्यांनी मनसोक्त प्यावं, एवढंच त्याचं सांगणं.

दारातल्या चित्रांना मात्र राखणीचं काम असे. अँटिओकमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या अंताक्याच्या, एका घराची दुसऱ्या शतकातली फरशी माझी फार लाडकी. तिच्यावर एक भलामोठा डोळा आहे. त्यात त्रिशूळ आणि तलवार खुपसलेली. विंचू, साप, कुत्रा, गोम, कावळा असे सगळे त्याच्यावर तुटून पडलेत. बाजूला एक बुटका पाठ फिरवून चाललाय. त्याच्या अंगाचा कुठला भाग मागे डोळ्याकडे रोखलाय ते इथे लिहीत नाही. त्याच्या डोक्यावर ग्रीकमध्ये फक्त 'तुलाही'. जो वाईट नजरेने आत येईल, त्याचं त्याला परत! मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पण प्रत्येक फरशीत गूढार्थ शोधू नका. काठाला स्वस्तिकं दिसली की आपली मंडळी हरखतात. बहुतेक ठिकाणी ती नुसती नक्षी असते. आणि पाँपेईच्या आउलुस उंब्रिकियुस स्कॉरुसने तर दर्शनी दालनाच्या चार कोपऱ्यांत स्वतःच्या धंद्याच्या, माशाच्या सॉसच्या, बरण्यांचीच चित्रं काढून घेतली होती. वर मालाचं आणि मालकाचं नावही. शुद्ध जाहिरात!

तुमचा प्रश्न रोमन राज्यकर्त्यांना पडला, पण फार उशिरा, साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर. इ.स. 427 मध्ये सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या दरबारातून कायदा निघाला: ख्रिस्ताचं चिन्ह जमिनीवर कोरायचं नाही, रंगवायचं नाही, असेल तिथून काढून टाकायचं. तो कितपत पाळला गेला? त्यानंतर बांधलेल्या कित्येक चर्चच्या फरशांवरही क्रॉस आहेतच.