दुभंगलेला ओठ आणि टाळू: ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काय काय करावं लागतं

आमच्या मुलीच्या फाइलवर ‘गट ३, डावी बाजू’ असं लिहिलेलं होतं. ही वर्गवारी नागपूरची, प्लास्टिक सर्जन डॉ. सी. बालकृष्णन यांनी केलेली. गट १ म्हणजे ओठ, गट २ म्हणजे फक्त टाळू (डोक्यावरची नाही, तोंडाच्या आतलं छत), गट ३ म्हणजे ओठ, हिरडी आणि टाळू तिन्ही. आपल्या बाळाचा गट आधी विचारून घ्या, कारण पुढचं वेळापत्रक त्यावरच ठरतं. गट ३ असेल तर साधारणपणे ओठ ३ ते ६ महिन्यांत, टाळू ९ ते १८ महिन्यांत आणि हिरडीत हाड भरणं ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान.

ओठाच्या ऑपरेशनची तारीख मात्र वजनकाटा ठरवतो. भूल देण्यासाठी दहाचा जुना नियम अजून बघतात: वय १० आठवडे, वजन १० पौंड म्हणजे सुमारे साडेचार किलो, हिमोग्लोबिन १०. यातलं वजनच सगळ्यात जास्त अडतं. टाळू उघडी असल्यामुळे तोंडात ओढ तयार होत नाही. बाळ चोखतं, दूध येत नाही, दमून झोपतं आणि घरच्यांना वाटतं पोट भरलं.

आईचं दूध काढून बोंडल्याने पाजणं आम्हाला सगळ्यात सोपं गेलं. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं आणि धार फट नसलेल्या बाजूच्या गालाकडे सोडायची. दोन-तीन घोट झाले की थांबायचं. ही बाळं हवा फार गिळतात, म्हणून ढेकर शेवटी एकदा काढून भागत नाही, मध्ये मध्ये काढावी लागते. नाकातून थोडं दूध आलं तर घाबरू नका. ठसका लागून ओठ निळे पडले तर मात्र लगेच दवाखाना. दूध दर किलोमागे दिवसाला सुमारे १५० मिली लागतं आणि एका वेळचं अर्ध्या तासात संपायला हवं. त्याहून वेळ लागला तर पिण्यातच ताकद खर्च होते आणि वजन वाढत नाही. पहिल्या तीन महिन्यांत रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर, कपडे काढून वजन करा.

हिरडीची फट रुंद असेल तर ती ऑपरेशनआधी कमी करण्यासाठी पहिल्या काही आठवड्यांत दंतवैद्य टाळूला प्लेट बसवतात आणि ती दर आठवड्याला थोडी घासून-भरून बदलतात. जवळपास ही सोय नसेल तर निदान ओठावर टेप लावायला शिकून घ्या. टेप रोज काढावा लागतो, म्हणून गालाची कातडी सोलते. त्यावर उपाय म्हणजे गालावर आधी कातडीला जपणारी पट्टी आणि तिच्यावर टेप.

खर्चाचं म्हणाल तर २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग आहे. अंगणवाडीत येणारं पथक जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी देतं. स्माइल ट्रेन या मदत करणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांतही ऑपरेशन मोफत होतं. (ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून असं झालं, हे ऐकवणारे भेटतीलच. ओठ गर्भात सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो; चंद्रसूर्याचा त्याच्याशी संबंध नाही.)

ठरलेलं ऑपरेशन बहुतेक वेळा सर्दी-खोकल्यामुळे पुढे जातं. नाक वाहत असताना भूल दिली तर श्वास अडकण्याचा धोका वाढतो, त्यामुळे यावर डॉक्टरांशी वाद घालू नये. दुसरं कारण उपास. आईचं दूध ४ तास आधी, वरचं दूध ६ तास आधी, पाणी २ तास आधी बंद. पहाटे रडतं म्हणून आजीने दोन चमचे पाजले की नंबर गेला. आजीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

ओठाचं ऑपरेशन तुलनेने सोपं जातं. टाके विरघळणारे नसतील तर ५ ते ७ दिवसांत काढतात. व्रण पहिले काही आठवडे लाल आणि कडक होतो, ओठ थोडा वर ओढल्यासारखा दिसतो. पुढच्या महिन्यांत तो मऊ पडतो. मालिश कधी सुरू करायची ते सर्जनला विचारूनच ठरवा.

टाळूचं जड जातं. तिथे नुसतं भोक शिवत नाहीत. चुकीच्या दिशेने, पुढे हाडाला चिकटलेला स्नायू सोडवून आडवा जोडावा लागतो, नाहीतर टाळू मिटूनही आवाज नाकातूनच येतो. पहिली रात्र रक्तस्राव आणि श्वासावर लक्ष ठेवण्याची. मग २ ते ३ आठवडे पातळ खाणं: गाळलेली पेज, वरणाचं पाणी, दूध. चमचा तोंडात आत नाही, बिस्किट-टोस्ट नाही, प्रत्येक खाण्यानंतर साधं पाणी. बोट तोंडात जाऊ नये म्हणून बरेच सर्जन कोपराला पट्ट्या बांधायला सांगतात. टाक्यांवर ताण आला किंवा जंतुसंसर्ग झाला तर कडक आणि मऊ टाळूच्या सांध्याजवळ छिद्र उरतं. ते लगेच शिवत नाहीत. ऊती मऊ व्हायला काही महिने जावे लागतात.

कान विसरू नका. टाळूचाच स्नायू कानाची नळी उघडतो. तो कमकुवत असला की पडद्यामागे पाणी साचतं आणि मूल न दुखता कमी ऐकतं. त्यामुळे श्रवणचाचणी ठरावीक काळाने हवीच.

बोलण्यात म, न आधी येतात. प, ब, ट, क अडतात, कारण त्यांना तोंडात हवेचा दाब लागतो. ‘काका’ऐवजी घशातून तुटक ‘आ-आ’ निघत असेल तर ती सवय पक्की होण्याआधी वाचाउपचार सुरू करा. ‘पापा’ म्हणताना नाकाखाली आरसा धरा. धुकं आलं तर हवा नाकातून गळते आहे. फुगे फुगवून, शिट्ट्या वाजवून बोलणं सुधारत नाही, वेळ जातो. आवाज शिकवावे लागतात. उपचारानंतरही गळती राहिली तर टाळूची हालचाल दुर्बिणीतून तपासून दुसऱ्या ऑपरेशनचा निर्णय घेतात.

हिरडीतलं हाड कमरेच्या हाडातून घेतात, आणि ते सुळा येण्याआधी भरायचं असतं, म्हणजे सुळा त्याच हाडातून खाली उतरतो. त्यासाठी सातव्या वर्षापासून दातांचा एक्स-रे काढून सुळ्याचं मूळ किती तयार झालंय ते बघत राहावं.