दुसरा इनपुट कशासाठी?

गेल्या दिवाळीनंतर वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी मी दोन ड्रायव्हरांचे (आवाज काढणाऱ्या दोन वेगळ्या घटकांचे) लाउडस्पीकर बांधायला घेतले, तेव्हा प्लायवूड, कॉइल आणि कपॅसिटर यांपेक्षा अधिक दिवस एका लहानशा पेटीच्या निवडीत गेले. (पेटी म्हटले की आमच्याकडे आधी आंब्याचीच डोळ्यांपुढे येते; येथे यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मायक्रोफोन आणि स्पीकर संगणकाला जोडणारी पेटी, अभिप्रेत आहे.) गाणे ध्वनिमुद्रित करणारा माणूस इंटरफेस घेताना प्रीअँप (मायक्रोफोनचा क्षीण संकेत वाढवणारा भाग) किती स्वच्छ आहे याची चौकशी करतो. स्पीकरच्या आवाजाच्या मापनासाठी घेणाऱ्याने मात्र आधी एवढेच पाहावे, की त्याला दोन स्वतंत्र इनपुट आहेत का आणि त्यांची गेनची (संकेत किती वाढवायचा ते ठरवणारी) बटणे वेगवेगळी आहेत का.

हे मला उशिरा कळले, कारण माझी सुरुवात यूएसबी मायक्रोफोनने झाली. तो वाईट नव्हता. सोबत कॅलिब्रेशनची फाइल होती आणि खोलीतील बासचे चढउतार त्याने नीट दाखवले. परंतु आवाज काढणारा लॅपटॉप आणि आवाज टिपणारा मायक्रोफोन यांची घड्याळे वेगळी असल्यामुळे स्वीप (खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जाणारा चाचणीचा ध्वनी) निघाल्यापासून मायक्रोफोनपर्यंत पोहोचायला नेमका किती वेळ लागला, हे त्याला सांगता येत नाही. वूफर (खालच्या स्वरांचा ड्रायव्हर) आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा) स्वतंत्रपणे मोजून क्रॉसओव्हर, म्हणजे दोघांत स्वर वाटून देणारे मंडल, आखायचा असेल, तर नेमका हाच वेळ माहीत असावा लागतो. आमच्याकडच्या 30 अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटर असतो, म्हणजे 2500 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम 14 सेंटिमीटर भरते. तेथे अंतराचा अंदाज एका सेंटिमीटरने चुकला, तरी फेजमध्ये (दोन लहरींच्या एकमेकींशी असलेल्या जुळणीत) सुमारे 26 अंशांची चूक होते आणि कागदावर सुंदर जुळणारे दोन ड्रायव्हर प्रत्यक्षात एकमेकांना खाऊन टाकतात. रूम ईक्यू विझार्ड या मापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या स्पीकरमधून इशाऱ्याचा ध्वनी काढून वेळ जुळवण्याची सोय आहे, ती मी वापरलीही. पण मग तो दुसरा स्पीकर संपूर्ण मापन होईपर्यंत जागचा हलता कामा नये, आणि मुलांच्या घरात हे अवघड असते.

दोन इनपुटांच्या इंटरफेसमध्ये हा प्रश्न एका वीतभर तारेने सुटतो. पहिल्या इनपुटला मायक्रोफोन जोडायचा आणि रिकाम्या राहिलेल्या आउटपुटची तार दुसऱ्या इनपुटमध्ये परत आणायची, म्हणजे त्या तारेतून आलेला संकेत सॉफ्टवेअरला शून्य वेळ म्हणून धरता येतो. यालाच लूपबॅक म्हणतात. खोक्यावर ‘लूपबॅक’ असे छापलेले असले तरी फसू नये, कारण पुष्कळदा तो संगणकातला आवाज आतल्या आत ध्वनिमुद्रित करण्याचा भाग असतो. आपल्याला खरी तार हवी. डायरेक्ट मॉनिटरिंगचे (इनपुटचा आवाज थेट आउटपुटला पाठवणारे) बटण बंद ठेवावे, नाहीतर मायक्रोफोनचा आवाज पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि मापन बिघडते.

बाकीच्या आकड्यांवर मी फार रेंगाळलो नाही. इलेक्ट्रेट मापन मायक्रोफोनसाठी 48 व्होल्टची फँटम पॉवर (तारेतूनच मायक्रोफोनला मिळणारी वीज) हवीच. 192 किलोहर्ट्झचा सँपल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने टिपायचे तो दर) मात्र मला निरर्थक वाटतो, कारण 48 किलोहर्ट्झमध्ये 24 किलोहर्ट्झपर्यंतचे मोजता येते. प्रीअँपच्या सूक्ष्म खरखरीची चिंता तर आमच्यासारख्यांनी करूच नये, कारण खळ्यात स्टुलावर स्पीकर ठेवून मोजताना समुद्राची गाज तिच्या कितीतरी वर असते. त्यावर उपाय म्हणजे स्वीप लांबवणे. त्याची लांबी दुप्पट केली, की संकेत आणि गोंगाट यांच्यातील अंतर 3 डेसिबलने वाढते. अखेर मी बेहरिंगरचा यूएमसी 202 एचडी घेतला. त्याच्या हेडफोन आउटपुटला 100 ओहमचा रोध जोडून ड्रायव्हरचा इम्पीडन्सही (वेगवेगळ्या वारंवारतांना विजेला होणारा अडथळा) मोजता येतो, हा वरचा लाभ.

एका बाबतीत मात्र खरोखर सावध राहावे. लूपबॅक अँप्लिफायरच्या आउटपुटवरून घेण्याचा मोह होतो, पण 8 ओहमवर 20 वॉट म्हणजे साडेबारा व्होल्टहून अधिक, आणि एवढे व्होल्टेज लाइन इनपुटला झेपेलच असे नाही. 10 किलोओहम आणि 1 किलोओहम यांच्या रोधांचा विभाजक मधे घातला, की ते अकरा पटींनी उतरते. त्याहून मोठा धोका ब्रिज्ड पद्धतीच्या क्लास-डी अँप्लिफायरचा आहे : त्याच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज असते, आणि वजा टोक इंटरफेसच्या ग्राउंडला जोडले तर अँप्लिफायरच शॉर्ट होतो. माझा एक असाच गेला, आणि त्यात चूक सर्वस्वी माझी होती.

मे महिन्यात आलेखावर 50 हर्ट्झ (घरच्या विजेची वारंवारता) आणि त्याच्या पटींतले काटे दिसू लागले, तेव्हा मी इंटरफेसला दोष दिला होता. लॅपटॉपचा चार्जर काढताच ते नाहीसे झाले. आमच्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो. त्यात दोन घागरी पाणी ओतल्यावर चार्जर लावूनही ते काटे बरेच खाली आले. आता मी बॅटरीवरच मोजतो, आणि मृगापासून दसऱ्यापर्यंत इंटरफेस व मायक्रोफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतात, कारण खाऱ्या वाऱ्याने जॅकवर चढलेला हिरवा थर पुसून काढण्याचे काम मी एकदा केले आहे.