पोरगं सगळं बघत होतं

शनिवार, मध्यरात्र उलटून गेली

'द डार्क नाइट' या बॅटमॅन-मालिकेतल्या दुसऱ्या सिनेमाचा शेवट मला पटत नाही, आणि तरी दर वेळी तो बघताना अंगावर काटा येतोच. हे दोन्ही एकाच वेळी कसं काय होतं, ते आज लिहून काढायचंच असं ठरवून वही उघडली आहे. ताईचा मुलगा सुट्टीला आलाय, नववीत आहे. त्याने हा सिनेमा तुकड्यातुकड्यांनी मोबाइलवर पाहिला होता. म्हटलं, असा नाही बघायचा. मोठ्या टीव्हीवर, दिवे बंद करून, पहिल्यापासून. आता तो झोपलाय आणि मी जागी.

शेवट असा. हार्वी डेंट हा गॉथम शहराचा जिल्हा सरकारी वकील. गोरा, देखणा, धडाडीचा. पाचशेहून जास्त गुंडांना एका दमात कोर्टात उभं करणारा. त्याची प्रेयसी रेचेल स्फोटात जाते, त्याचा अर्धा चेहरा जळतो, आणि मग तो नाणं उडवून माणसं मारत सुटतो. पाच जीव जातात, त्यात दोन पोलीस. शेवटी जिथे रेचेल मेली तिथेच तो कमिशनर गॉर्डनच्या बायकोला आणि मुलांना धरून ठेवतो आणि गॉर्डनच्या मुलाच्या डोक्याला पिस्तूल लावतो. बॅटमॅन झेप घेतो, मुलगा वाचतो, डेंट खाली पडून मरतो. आता शहराला सांगायचं काय? तुमचा लाडका वकील खुनी निघाला? बॅटमॅन म्हणतो, ते खून माझ्या नावावर घाला. गॉर्डन आधी नको नको म्हणतो, मग मानतो. पोलिसांची कुत्री सुटतात, छतावरचा वटवाघळाचा दिवा गॉर्डन कुऱ्हाडीने फोडतो, आणि बॅटमॅन मोटारसायकलवरून अंधारात निघून जातो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकतं आणि सर्वांत जास्त आवडतंही ते अगदी छोटंसं काहीतरी आहे. डेंट मरून पडलाय, जळकी बाजू वर. बॅटमॅन वाकतो आणि त्याचं डोकं हाताने वळवतो, जळकी बाजू खाली आणि चांगली वर. बस्स. संवाद नंतर येतात, पण निर्णय तिथेच झालेला असतो. पुढे गॉर्डन डेंटच्या मोठ्या फोटोसमोर उभा राहून श्रद्धांजलीचं भाषण करतो, तेव्हा फोटोतही तीच बाजू. प्रतिमा घडवणं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ चित्र मी दुसऱ्या कुठल्या सुपरहिरोपटात पाहिलेलं नाही. दिग्दर्शक नोलनला हे दाखवायचं होतं की आपसूक झालं, कुणास ठाऊक. मला वाटतं दाखवायचं होतं.

मग हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचं संगीत चढू लागतं आणि माणूस विचार करायचा थांबतो. मी आज मुद्दाम आवाज कमी केला. (भाचा वैतागला.) आवाज कमी केल्यावर दिसलं की बॅटमॅनच्या त्या वाक्यांखाली दोन वेगळीच दृश्यं लावली आहेत. तो म्हणतो, कधी कधी सत्य पुरेसं नसतं, लोकांच्या श्रद्धेचं फळ त्यांना मिळायला हवं. त्याच वेळी त्याचा घरचा जुना नोकर आल्फ्रेड रेचेलचं पत्र जाळतो, ज्यात तिने डेंटची निवड केलेली असते. ब्रूस, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमॅन, जन्मभर समजत राहणार की ती आपल्यासाठी थांबली होती. आणि त्याच वेळी ब्रूसला यंत्रं पुरवणारा फॉक्स त्या सगळ्या शहराचे फोन ऐकणाऱ्या यंत्रात आपलं नाव टाइप करतो आणि यंत्र नष्ट होतं, ब्रूसने शब्द पाळलेला असतो. ही दोन दृश्यं एका माळेत ओवली आहेत, पण ती एका जातीची नाहीत. फॉक्सच्या विश्वासाला खरं उत्तर मिळालं. ब्रूसच्या विश्वासाला राख मिळाली. गॉथमला कुठलं मिळालं हे सांगायला नको.

भाचा म्हणाला, "मावशी, पण त्या बोटीतल्या लोकांनी तर काहीच उडवलं नाही ना?"

इथे मी सिनेमा थांबवला, कारण माझाही मुद्दा नेमका तोच आहे. दोन फेरीबोटी, एकीत सामान्य नागरिक, दुसरीत कैदी. दोन्हींत स्फोटकं, आणि प्रत्येकीकडे दुसरीचं बटण. बारा वाजेपर्यंत एकाने दुसऱ्याला उडवलं नाही तर खलनायक जोकर दोघांनाही उडवणार. नागरिकांच्या बोटीवर चिठ्ठ्या टाकून मतदान होतं, आणि बहुमत 'उडवा' असंच येतं! हे लोक विसरतात. गुप्त चिठ्ठीवर माणसं काय वाटेल ते लिहितात. पण बटण हातात घेतल्यावर एकाचाही हात चालत नाही. एक तावातावाने पुढे आलेला गृहस्थ यंत्र परत पेटीत ठेवतो आणि जागेवर जाऊन बसतो. आणि तिकडे कैद्यांच्या बोटीवर एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून बटण मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. जोकरचा अख्खा सिद्धांत तिथे पडतो. माणसं संधी मिळताच एकमेकांना खातात, असं तो म्हणत होता, आणि तसं झालं नाही.

आणि या प्रसंगानंतर पडद्यावरची काही मिनिटं जातात न जातात, तोच बॅटमॅन आणि गॉर्डन ठरवतात की या लोकांना सत्य झेपणार नाही.

अरे, आत्ताच तर झेपलं होतं! मरण समोर असताना झेपलं. त्यापुढे डेंटचे पाच खून म्हणजे काय? शेवट मला पटत नाही तो इथे. बॅटमॅनने स्वतःचं नाव काळं करून घेतलं, तो त्याग आहेच, ते मी नाकारत नाही. पण त्या त्यागाच्या पोटात लोकांवरचा अविश्वास आहे. बोटीच्या प्रसंगात जोकर हरतो आणि त्यानंतरच्या प्रसंगात त्याचंच म्हणणं हे दोघे सभ्य भाषेत मान्य करतात.

न्याय म्हणून दुसरी बाजूही लिहायला हवी. डेंट खुनी ठरला तर त्याने उभे केलेले सगळे खटले ढासळतील, ही भीती पोकळ नाही. बचावाचा कुठलाही वकील दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन हजर होईल. पण डेंटने माणसं मारली ती खटले दाखल झाल्यानंतर, चेहरा जळाल्यानंतर. आधीचे पुरावे त्याने खोटे केले असं सिनेमात कुठेच नाही. एखादा धीराचा न्यायाधीश हे दोन भाग वेगळे काढू शकला असता. वेळ लागला असता, काही सुटले असते. दोन माणसांनी रात्रीच्या अंधारात एका मिनिटात हे ठरवलं आणि शहराला विचारलं नाही. झोप येतेय. उद्या तिसरा भाग बघायचं कबूल केलंय.

रविवार, रात्र

तिसरा भाग, 2012 चा. मधे 8 वर्षं गेलेली दाखवली आहेत आणि खोटं उत्तम चाललंय, हे मानायला हवं. रस्ते शांत. डेंटच्या नावाचा दिवस साजरा होतो. त्याच्या नावाचा कायदा आहे आणि त्या कायद्याखाली हजारभर कैदी ब्लॅकगेट तुरुंगात आहेत, पॅरोलची आशा नाही. गॉर्डनच्या खिशात सत्य सांगणारं भाषण लिहून ठेवलेलं आहे, पण ऐन समारंभात तो ते वाचत नाही. शहर अजून तयार नाही म्हणे. 8 वर्षांत तयार झालं नाही ते कधी होणार?

शेवटी ते भाषण वाचतो या भागाचा खलनायक बेन. तुरुंगाच्या दारात, डेंटचा फोटो फाडून, कैदी मोकळे सोडायच्या आधी. म्हणजे गॉथमला खरं कळलं ते सगळ्यांत नीच माणसाच्या तोंडून, सगळ्यांत नीच कामासाठी, आणि शब्द मात्र गॉर्डनचेच. पहिल्या खोट्याची सगळी किंमत या एका प्रसंगात वसूल होते. तरुण पोलीस ब्लेक गॉर्डनला जाब विचारतो तेव्हा गॉर्डन म्हणतो की एका मित्राने घाणीत हात घातले म्हणून माझे स्वच्छ राहिले. ब्लेकचं उत्तर: मला तर तुमचे हात चांगलेच बरबटलेले दिसतात. भाचा म्हणाला, "बरोब्बर!"

पण मला आज सारखं आठवत राहिलं ते गॉर्डनचं पोरगं. दुसऱ्या भागाच्या शेवटी बापाला विचारतं, तो का पळतोय? बाप म्हणतो, कारण आपल्याला त्याचा पाठलाग करावा लागणार. पोरगं म्हणतं, पण त्याने तर काहीच वाईट केलं नाही. बस्स, यानंतर त्याला संवाद नाही. सिनेमाच्या दृष्टीने ते पोरगं म्हणजे गॉर्डनला ते भारदस्त स्वगत म्हणायची सोय. पण जरा थांबून बघा. त्या रात्री तिथे गॉर्डनची बायको होती, दोन्ही मुलं होती. डेंटने कुणाच्या डोक्याला पिस्तूल लावलं होतं हे त्या मुलाला जन्मात विसरता येणार नाही. आणि मग दरवर्षी त्याच माणसाच्या नावाने सुट्टी, शाळेत त्याचे गोडवे, घरी बाप त्याच्याच फोटोसमोर भाषण करून येणार. बोलायचं मात्र नाही. ज्याने तुझा जीव वाचवला तो खुनी, आणि ज्याने तुला मारायला धरलं तो हुतात्मा, हे गपगुमान ऐकायचं. 8 वर्षं.

तिसऱ्या भागात एक वाक्य येऊन जातं, सहज, चेष्टेच्या सुरात: गॉर्डनची बायको मुलांना घेऊन क्लीव्हलँडला निघून गेली. कारण म्हणून गॉर्डनचं कामात बुडून राहणं सूचित होतं. मला ते कारण पुरत नाही. ती त्या जागेवर होती, तिने ऐकलं होतं सगळं. शहरासाठी सांगितलेलं खोटं रोज रात्री जेवणाच्या टेबलावर येऊन बसत असणार. (पटकथेत हे नाही, मी घालतेय. पण बसतंय.)

महाभारतात 'नरो वा कुंजरो वा' झाल्याबरोबर धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकतो. खोटं एवढंसं, अर्धं, युद्ध जिंकायला लागणारं, सगळं खरं. तरी हिशेब जागच्या जागी. व्यासांनी युधिष्ठिराला त्यासाठी पळवलं नाही आणि गौरवलंही नाही, नुसतं दाखवलं. गॉर्डनचा रथ टेकायला 8 वर्षं लागली, आणि तोवर तो कमिशनर राहिला.

2008 मध्ये अमेरिकेत दुसऱ्या भागाचा एक अर्थ लावला गेला होता तोही लिहून ठेवते. सिनेमा लागल्यावर आठवड्याभरात वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये अँड्र्यू क्लेव्हन या कादंबरीकाराने लिहिलं की बॅटमॅन म्हणजे राष्ट्राध्यक्ष बुश, दहशतवाद्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर देणारा आणि त्यापायी शिव्या खाणारा. वेळही अशी की परदेशी संभाषणं ऐकण्याच्या सरकारी अधिकारांवरच्या नव्या कायद्यावर बुश यांनी त्याच जुलैच्या 10 तारखेला सही केली होती आणि सिनेमा 18 तारखेला आला, त्यात ते फोन ऐकणारं यंत्र. जुळणी मोहक आहे. पण एक गोष्ट त्यात बसत नाही. बॅटमॅनने न केलेल्या गुन्ह्यांचा दोष स्वतःकडे घेतला. राज्यकर्त्यांना शिव्या बसतात त्या केलेल्या गोष्टींबद्दल. 'लोकांना मी आज कळत नाही' हे वाक्य कुठल्याही घसरत्या पुढाऱ्याला शोभून दिसतं, म्हणूनच या शेवटाची मला थोडी भीती वाटते. मुखवटा घालून, कुणालाही उत्तर न देता, लोकांच्या भल्यासाठी लोकांपासून लपवणारा माणूस सिनेमात उदात्त दिसतो, कारण आपण त्याच्याबरोबर गाडीवर बसलेलो असतो. आपल्याला सत्य माहीत असतं. शहराच्या बाजूने बघितलं तर तो निव्वळ एक खुनी आहे जो सापडला नाही, आणि मेलेल्या पोलिसांच्या घरच्यांना चुकीचं नाव सांगितलं गेलं आहे.

आणि मग तिसऱ्याचा शेवट. बॅटमॅन बॉम्ब घेऊन समुद्रावर जातो, स्फोट होतो, शहर त्याला मेलेला समजतं आणि त्याचा पुतळा उभारतं. खरं तर तो फ्लॉरेन्सच्या एका कॅफेत या भागाच्या नायिकेबरोबर, सेलीनाबरोबर बसलेला असतो आणि आल्फ्रेडला दिसतो. (तो खरा की आल्फ्रेडचा भास, यावर तासन्‌तास वाद घालणारे आहेत. मी नाही. विमानाचं स्वयंचलित यंत्र ब्रूसने आधीच दुरुस्त केलं होतं हे फॉक्सला कळतं, तेवढं मला पुरे.) म्हणजे गॉथमने त्याला आधी खोट्या गुन्ह्यासाठी खुनी मानलं आणि नंतर खोट्या मरणासाठी हुतात्मा. दोन्ही वेळा त्याच्याच इच्छेने. त्या शहराला त्यांचा माणूस एकदाही जसा होता तसा मिळाला नाही.

"पण पुतळा तरी झाला," भाचा म्हणाला. झाला खरा. माझं म्हणणं एवढंच की अनावरणाला गॉर्डनच्या पोराला क्लीव्हलँडहून बोलवायला हवं होतं आणि पडदा त्याच्या हातून ओढून घ्यायला हवा होता. 'त्याने काहीच वाईट केलं नाही' हे त्या पोराचं म्हणणं बरोबर होतं, हे आता सांगायला हरकत नव्हती. भाचा म्हणतो, मग सिनेमा अजून दहा मिनिटं लांबला असता. लांबू दे की. तसाही पावणेतीन तासांचा आहे.