या सायकलवर चारशे?

घरी चांगली रोड बाइक असताना तुम्ही लांब पल्ल्याला एमटीबी (माउंटन बाइक, डोंगरवाटांची सायकल) का काढता, हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की उत्तर देताना माझा आवाज आपोआप चढतो. विचारणाऱ्याला उत्तर बहुधा ठाऊकच असते. मी ते कबूल केलेले त्याला ऐकायचे असते. रोड बाइक हलकी असते आणि वेगाने पळते, हे कृपया मला समजावून सांगू नका. मीही ती चालवते. तरीही ब्रेव्हेच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरे करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-सफरीच्या, दिवशी बहुतेक वेळा दुसरीच सायकल बाहेर निघते, आणि त्याची कारणे एकदाची नीट लिहावीत असे वाटले.

पहिले कारण घड्याळाचे आहे. 300 किलोमीटरच्या ब्रेव्हेला 20 तास मिळतात, 400 ला 27 आणि 600 ला 40. म्हणजे जेवण, पंक्चर आणि डुलकी धरूनही ताशी 15 किलोमीटरची सरासरी पुरते. एवढ्या सरासरीसाठी सायकल सपाटीवर ताशी 30 ने जाते की 25 ने, यापेक्षा तुम्ही कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यांवर, किती रेंगाळता याने जास्त फरक पडतो. माझ्या एमटीबीच्या पुढच्या चेनरिंगला (पायडलजवळच्या चक्रीला) 32 दाते आहेत आणि कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचाच्या, सर्वांत लहान चक्रीला 10. मिनिटाला 90 फेरे मारले की ताशी 38 च्या आसपास माझी मर्यादा येते. त्यापुढे उतारावर माझे पाय नुसतेच फिरतात आणि बाकीचे भुर्रकन पुढे जातात. जाऊ देत. चढावर हीच कॅसेट मला 51 दातांची चक्री देते, तेव्हा पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा दोन तृतीयांश फेराही होत नाही. रोड बाइकवर 34 ला 34 लावले तरी चाकाचा पूर्ण फेरा ओढावा लागतो, आणि अडीचशे किलोमीटर झालेल्या गुडघ्याला हा फरक कळतो.

शिवाय जिला मी एमटीबी म्हणते ती मूळ रूपात राहिलेली नाही. 29 इंची चाक आणि रोड बाइकचे 700 सी चाक यांच्या रिमचा टायर बसण्याचा व्यास एकच, 622 मिलिमीटर असतो. त्यामुळे नॉबी (जाड खाचांचे) टायर काढून मी गुळगुळीत टायर चढवले आणि पुढच्या फोर्कचे स्प्रिंगसारखे दबणे लॉक केले. पक्क्या रस्त्यावर एमटीबी जड लागते ती बऱ्याच अंशी त्या टायरांमुळे, पण दोष मात्र वजनाला दिला जातो. उलट माझ्या रोड बाइकच्या फ्रेममध्ये 25 मिलिमीटरहून रुंद टायर बसत नाही. रात्री दिव्याच्या झोतात खड्डा उशिरा दिसला की रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात ट्यूब चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. हल्लीच्या रोड बाइकमध्ये 32 चे टायर सहज बसतात, तेव्हा हा मुद्दा माझ्या जुन्या फ्रेमपुरताच आहे, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणते.

आता माझ्या 400 किलोमीटरच्या एका ब्रेव्हेविषयी, त्या चारशेविषयी, कारण तिची हकिकत अर्धवट ऐकून बऱ्याच जणांनी आपापले निष्कर्ष काढलेले आहेत. दुपारपासून वारा समोरून होता आणि मी सरळ हँडलबारवर तळहात टेकवून, मनगटे मागे मोडून, तासन्‌तास एकाच पकडीत बसून होते. अंधार पडल्यावर उजव्या करंगळीला मुंग्या आल्या. हात झटकला की थोडे बरे वाटे, आणि पुन्हा बार धरला की मुंग्या परत येत. मग अनामिकेचा करंगळीकडचा अर्धा भाग बधिर झाला, केवळ अर्धाच, जणू मध्ये रेघ मारली होती. कंट्रोलवर जाकिटाची चेन लावता येईना. चिमटीत पकडलेली पट्टी सुटून जाई. अंगठ्यात जोर राहिला नव्हता, त्यामुळे हलका गिअर टाकायची कळ दाबली जात नव्हती. डावा हात आडवा नेऊन तळव्याने ती कळ ढकलायचा प्रयत्न केला, तेव्हा सायकल रस्त्याच्या मधोमध वळली. त्यानंतर प्रत्येक चढाआधी मी उतरत असे, मागचे चाक उचलून हाताने पायडल फिरवत असे, गिअर बदलून पुन्हा बसत असे. ब्रेक तर्जनी आणि मधल्या बोटावर चालत होते, म्हणून उतरणी निभावल्या. एक सहप्रवासी बराच वेळ माझ्या पुढे होता. तो ड्रॉप बारवर (रोड बाइकच्या खाली वळलेल्या हँडलवर) कधी हूडवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर, कधी बारच्या माथ्यावर, कधी खालच्या वळणावर हात ठेवत होता, आणि मी रस्त्याकडे पाहण्याऐवजी त्याच्या हातांकडे पाहत होते. मी वेळेत पोहोचले. ब्रेव्हेच्या नोंदीच्या कार्डावर सही करताना पेन निसटले, तेव्हा ते मुठीत धरून काहीतरी गिरवले. त्यानंतर कित्येक आठवडे शर्टाची बटणे आणि कुलपाची किल्ली डाव्या हाताकडे होती. डॉक्टरांनी सांगितले की मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने तळहातात शिरणारा अल्नर मज्जातंतू दाबला गेला आहे, आणि दाब काढणे हाच उपचार.

यावर तुम्ही म्हणाल, मग झाले ना सिद्ध? त्या आठवड्यांत मलाही तसेच वाटत होते. पूर्वी मी ठासून म्हणत असे की ताशी वीसच्या वेगाला हवेचा विचार कशाला. पण समोरून ताशी 25 चा वारा असताना 15 ने जाणाऱ्याच्या अंगावर 40 ची हवा येते आणि तिचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, हे गणित मला तेव्हाही येत होते. सोयीचे नव्हते म्हणून मी ते मांडत नसे. वाऱ्यात खाली वाकता येणे आणि हाताच्या जागा बदलता येणे, ही ड्रॉप बारची दोन्ही कामे मला त्या रात्री हवी होती.

म्हणून एमटीबीलाच ड्रॉप बार लावा, असे सुचवणारे वेगळेच. एमटीबीची फ्रेम लांब असते; ड्रॉप बार लावला की हात आणखी पुढे जातात आणि भार पुन्हा तळहातांवर येतो. रोड बाइकचे शिफ्टर जेवढी केबल ओढतात तेवढी माझ्या मागच्या डिरेलरला (साखळी एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) चालत नाही, म्हणजे एक वस्तू बदलायला गेले की चार बदलाव्या लागतात. मी बार एंड (हँडलच्या टोकांना लावायची शिंगे) लावले आणि तळहाताला रुंद आधार देणाऱ्या ग्रिप घातल्या. त्याने हात बराच सुधारला, पण बार एंडवर हात असताना ब्रेक बोटांखाली नसतो, आणि रात्रीच्या उतारावर मला ते मुळीच आवडत नाही.

'मग ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यांसाठीची, ड्रॉप बारची सायकल) घ्या' हे वाक्य तुमच्या ओठांवर आहे, हे मला दिसते आहे. एकीची चालवून पाहिली. हात सुखात होते. तिचा सर्वांत हलका गिअर मात्र माझ्या गुडघ्यांसाठी पुरेसा हलका नव्हता, आणि तो बदलता येतो हे ऐकून मी अजून हो म्हटलेले नाही. पुढच्या 600 ला मी एमटीबीच नेणार आहे. करंगळीला पुन्हा मुंग्या आल्या, तर निदान कंट्रोलवर तरी हा प्रश्न मला विचारू नका.